जेरीच्या हातातल्या दोन हातोड्या

शेवटाकडे येईपर्यंत टॉमच्या अंगातलं त्राण गेलेलं असतं. मागे शेपटं असलेला काळा कोट घालून, मान ताठ ठेवून मंचावर आलेला हा बोका आता पार गळून गेलाय, कपड्यांची रया गेलीय. पियानोच्या पोटात मात्र वेगळंच चाललंय. टॉमनं चिडून जेरीला आतल्या यंत्रणेत कोंबलं होतं आणि तिथल्या हातोड्यांनी त्याला मनसोक्त बुकललं होतं. मार खाऊन संतापलेला जेरी त्यातल्याच हातोड्या उपटतो, दोन हातांत दोन घेतो आणि थेट तारांवर वाजवायला लागतो. बाहेर पट्ट्यांवर टॉम कसाबसा तग धरून आहे, पण मैफल आता उंदराची झालेली आहे. टाळ्या पडतात तेव्हा प्रकाशझोत जेरीवर असतो आणि त्याच्याही अंगावर तसाच इवलासा कोट असतो.

‘द कॅट कॉन्चेर्टो’ हे कार्टून मी लहानपणापासून पाहत आलोय आणि या शेवटाला दर वेळी हसत आलोय. काही वर्षांपूर्वी संतूरच्या एका मैफलीत अगदी पुढे बसायला मिळालं. वादकाच्या दोन्ही हातांतली कलमं तारांवर उतरत होती, उसळत होती, आणि मला एकदम जेरी आठवला. तो उंदीर पियानो वाजवतच नव्हता. पियानोच्या जन्माआधी जे वाद्य होतं, तेच तो वाजवत होता. त्या दिवसापासून या कार्टूनची वंशावळ शोधायचा नाद लागला.

पियानो बाहेरून पाहिला तर आपल्या पेटीचा थोरला भाऊ वाटतो. तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, तेच डावीकडे खर्ज आणि उजवीकडे तार सप्तक. पण पेटीत हवा आहे आणि पियानोत तारा. पट्टी दाबली की आतली नमद्याची टोपी घातलेली एक छोटी हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. ही युक्ती १७००च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या वाद्यकारागिरानं साधली. त्याआधी तारांवर हातानं काठ्या मारून वाजवायची वाद्यं होतीच. त्याच सुमाराला पांटालेओन हेबेनश्ट्राइट हा जर्मन वादक असंच एक अजस्र वाद्य घेऊन दरबारोदरबारी फिरत होता. १७०५ साली त्यानं फ्रान्सच्या चौदाव्या लुईसमोर ते वाजवलं. त्याचं वादन ऐकूनच पट्ट्यांच्या वाद्याला हातोड्या बसवायची कल्पना सुचली, असं श्र्योटर नावाच्या दुसऱ्या जर्मन संगीतकारानं पुढे स्वतः सांगितलं. म्हणजे पियानोच्या पूर्वजांत काठीनं वाजवायचं तारवाद्य बसलेलं आहे. इराणचं संतूर, काश्मीरचं संतूर आणि हंगेरीचं सिंबालोम ही सगळी याच कुळातली.

हंगेरीचं नाव घेतलं, ते कारणाशिवाय नाही. टॉम मंचावर बसून जी रचना वाजवतो ती आहे फ्रांत्स लिस्टची ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २’. आणि लिस्टनं या ऱ्हॅप्सडींमध्ये ज्यांच्या वादनाची नक्कल पियानोवर उतरवली, त्या रोमा वाद्यवृंदांत व्हायोलिनच्या जोडीला सिंबालोम असायचं. सिंबालोमच्या काठ्यांच्या टोकांना कापूस गुंडाळलेला असतो. दोन हातांत दोन काठ्या, खाली आडव्या ताणलेल्या तारा. अकराव्या ऱ्हॅप्सडीच्या सुरुवातीला तर लिस्टनं सरळ सूचनाच लिहिलीय की हे सिंबालोमसारखं वाजवा.

रोमा लोकांचा प्रवास हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून कळतं. रोमानी भाषेत नाकाला ‘नाक’ म्हणतात, कानाला ‘कान’ आणि पाण्याला ‘पानी’. हंगेरीत त्यांच्यातले कित्येक पिढीजात वादक झाले. अठराव्या शतकात सैन्यभरतीसाठी गावोगाव नाच-गाण्याचा फड लागे. तरुण पोरांना भुलवायचं, नाचवायचं आणि त्या भरात सैन्यात ओढायचं. त्या नाचाचं नाव वेर्बुंकोश. शब्दाच्या मुळाशी भरतीचाच जर्मन शब्द आहे. या फडांना साथ रोमा वादकांची. नाच संथ सुरू व्हायचा आणि हळूहळू अंगात यायचा. संथ भाग तो ‘लाश्शान’, चढ्या लयीचा तो ‘फ्रिश्का’. आपल्या कानांना हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. विलंबित आणि द्रुत.

लिस्टचा जन्म १८११चा, त्या वेळच्या हंगेरीच्या राज्यातल्या आणि आज ऑस्ट्रियात असलेल्या रायडिंग गावचा. त्याची बोली जर्मन होती. हंगेरियन भाषा त्याला कधी धड आली नाही. लहान वयातच तो घरातून बाहेर पडला, व्हिएन्नात शिकला, पॅरिसमध्ये वाढला. १८३९-४०मध्ये तो हंगेरीत परतला तेव्हा लोकांनी त्याला राष्ट्रवीरासारखं डोक्यावर घेतलं. तिथे त्यानं रोमा वाद्यवृंद पुन्हा मन लावून ऐकले. हे हंगेरीचं अस्सल प्राचीन संगीत आहे आणि ते रोमांचं आहे, अशी त्याची समजूत झाली. त्यावर त्यानं १८५९ साली पुस्तकही काढलं. पुढे बेला बार्तोक या हंगेरियन संगीतकारानं खेड्यापाड्यांत फिरून लोकगीतं गोळा केली आणि दाखवून दिलं की रोमा वादक जे वाजवत होते, ते बरंचसं शहरी हंगेरियन लोकांनीच अलीकडे रचलेलं होतं. बार्तोकचं म्हणणं खरं आहे. तरी मला लिस्टची चूक फार मोलाची वाटते. त्यानं ऐकलं ते वाजवणं होतं: सुरावर रेंगाळणं, मग एकदम सुटणं, मध्येच सजवणं. रचना कुणाची, हा प्रश्न वेगळा. वाजवण्याची ती तऱ्हा मात्र त्या वादकांचीच होती आणि पियानोत उतरली तीही तीच.

याच माणसानं मंचावरचा एकटा पियानोवादक घडवला. लिस्टच्या आधी एका कार्यक्रमात गायक असत, व्हायोलिन असे, चार-पाच कलाकार मिळून संध्याकाळ भरत. लिस्टनं ती एकट्यानं भरली. अशा एकल कार्यक्रमाला ‘रिसायटल’ हा शब्द १८४०मध्ये लंडनमधल्या त्याच्या मैफलींमुळे रूढ झाला. त्याच्या वादनानं युरोपभर जी लाट उसळली, तिला कवी हाइनेनं १८४४ साली ‘लिस्टोमेनिया’ म्हटलं. त्याचे हातमोजे, रुमाल आणि वाजवताना तुटलेल्या तारा यांसाठी बायका झोंबत. टॉम येतो, झुकतो, बाकावर बसतो, डोळे मिटतो, क्षणभर थांबतो आणि मग पहिला स्वर लावतो. हा सारा विधी लिस्टच्या घरातला आहे. म्हणून टॉमच्या त्या पहिल्या मिनिटातल्या रुबाबाला मी विडंबन म्हणणार नाही. तो त्या परंपरेचा मान राखून बसतो. गंमत सुरू होते ती आत झोपलेल्या उंदरामुळे.

दुसरी ऱ्हॅप्सडी १८४७मध्ये रचली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात एलिसावेतग्राड इथे लिस्टनं पैसे घेऊन केलेली आपली शेवटची जाहीर मैफल वाजवली आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो त्या धंद्यातून बाहेर पडला. १८५१मध्ये रचना छापून आली आणि मग तिला थांबवणारं कुणी उरलं नाही. शिकाऊ मुली ती वाजवू लागल्या, बँडवाले वाजवू लागले, वाद्यवृंदासाठी तिची रूपं निघाली. शेवटाजवळ लिस्टनं एक जागा मोकळी ठेवली होती. इथे वादकानं आपल्या मनानं वाजवावं, एवढीच सूचना. आपल्याकडे उपज म्हणतात, तिच्यासाठी सोडलेली जागा. रशियन पियानोवादक रख्मानिनोव्हनं त्या जागेसाठी स्वतःची उपज रचली आणि १९१९ साली एडिसनच्या ध्वनिमुद्रिकेत वाजवली. ही मोकळी जागा लक्षात ठेवायला हवी. उंदीर तिच्याकडेच येणार आहे.

मूकपटांच्या काळात थिएटरात पडद्याखाली पियानो किंवा ऑर्गन असायचा. वादकाला पाठलाग, वादळ, प्रेम, मरण, सगळ्यांसाठी तयार तुकडे लागत आणि लोकांच्या कानावर असलेलं अभिजात संगीत त्यासाठी सोयीचं पडे. हॉलिवूडच्या कार्टूनांना पुढे ज्यांनी संगीत दिलं, त्यांच्यापैकी कार्ल स्टॉलिंग कॅन्सस सिटीच्या थिएटरातला ऑर्गनवादक होता. चित्रपटांना आवाज आला तेव्हा हे लोक आपली पोतडी घेऊनच स्टुडिओत शिरले. लिस्ट १८८६मध्ये वारला होता, त्यामुळे त्याच्या सुरांचं मोल कुणाला मोजायचं नव्हतं. शिवाय दुसऱ्या ऱ्हॅप्सडीचा द्रुत भाग पळापळीसाठीच केल्यासारखा आहे. १९२९मध्ये डिस्नेच्या ‘द ऑप्री हाउस’मध्ये मिकी माउस तो वाजवायला बसला. १९३७मध्ये फ्लायशर स्टुडिओच्या ‘अ कार-ट्यून पोर्ट्रेट’मध्ये प्राण्यांच्या वाद्यवृंदानं त्याची धूळधाण केली. १९४१मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या फ्रिझ फ्रेलेंगनं ‘ऱ्हॅप्सडी इन रिव्हेट्स’ काढलं. त्यात या सुरांवर एक गगनचुंबी इमारत उभी राहते. मुकादम संगीत-संचालकासारखा हात हलवतो आणि हातोडे, विटा, रिपिटी यांचे आवाज तालात पडतात. माझ्या मते ‘कॅट कॉन्चेर्टो’च्या आधी या रचनेचा कार्टूनमध्ये इतका नेटका उपयोग कुणी केला नव्हता.

एक पूर्वज कार्टूनच्या बाहेरचा आहे. ‘कॅट कॉन्चेर्टो’ काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओच्याच १९३७च्या ‘अ डे ॲट द रेसेस’मध्ये हार्पो मार्क्स पियानोवर रख्मानिनोव्हचं एक प्रेल्यूड वाजवायला बसतो. वाजवता वाजवता पियानोचे तुकडे होत जातात. शेवटी हार्पो मोडतोडीतून तारांची चौकट बाहेर काढतो, उभी करतो आणि हार्पसारखी छेडतो. पियानो फोडून आतल्या तारांपर्यंत पोचण्याची कल्पना त्याच स्टुडिओच्या पडद्यावर दहा वर्षं आधी येऊन गेली होती.

आता टॉम आणि जेरी. ही नावं त्यांच्या आधीच फिरत होती. पियर्स इगनच्या १८२१च्या ‘लाइफ इन लंडन’मधले दोन छानछोकीचे तरुण टॉम आणि जेरी होते, त्यांच्या नावानं एक गरम मद्यही प्रसिद्ध झालं. १९३१ ते १९३३ या काळात न्यूयॉर्कच्या व्हॅन ब्युरेन स्टुडिओनं ‘टॉम अँड जेरी’ नावाची कार्टून काढली, पण त्यातले दोघे माणसं होते. त्याच स्टुडिओत जोसेफ बार्बेरा हा बँकेतली नोकरी सोडून आलेला तरुण चित्रं काढत होता. १९३७मध्ये तो कॅलिफोर्नियात एमजीएमच्या नव्या कार्टून विभागात आला आणि तिथे त्याची गाठ विल्यम हॅनाशी पडली. दोघांनी मिळून १९४०मध्ये ‘पुस गेट्स द बूट’ काढलं. त्यात मांजराचं नाव जॅस्पर होतं. मांजर आणि उंदीर यांत नवीन ते काय, असं वरिष्ठांना वाटलं होतं. पण थिएटरवाल्यांकडून मागणी आली, आणखी कार्टून काढायचं ठरलं आणि नव्या नावांसाठी स्टुडिओत स्पर्धा लावली गेली. जॉन कार या ॲनिमेटरनं सुचवलेली ‘टॉम’ आणि ‘जेरी’ ही नावं निवडली गेली. बक्षीस ५० डॉलर.

मांजर-उंदीर ही जोडी जुनी आहे हे वरिष्ठांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. महाभारताच्या शांतिपर्वात पलित उंदीर आणि लोमश बोका आहेत. जाळ्यात अडकलेल्या बोक्याच्या कुशीत उंदीर आपल्या शत्रूंपासून लपतो आणि बोक्याचा पाश अगदी शेवटच्या क्षणी कुरतडतो. जेरीला हा पलित कळला असता. हॅना-बार्बेरांनी नवं आणलं ते वेळेचं गणित. बार्बेरा प्रसंग रचायचा, चित्रांतून भराभर कथा मांडायचा. हॅना तालाचा माणूस. कुठली हालचाल किती चौकटींत संपायची, कुठे थांबायचं, मार कुठल्या मात्रेवर पडायचा, हे तो ठरवायचा. आपल्याकडे तबलजी समेवर येतो तेव्हा मान हलते. टॉमच्या डोक्यावर काही पडतं तेव्हा हसू फुटतं, त्यामागेही समच असते. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळीही हॅनाच्याच गळ्यातली.

संगीत स्कॉट ब्रॅडलीचं. अर्कान्सासमध्ये १८९१ साली जन्मलेला हा गृहस्थ कार्टूनच्या संगीताकडे अतिशय गांभीर्यानं पाहायचा. इतरांनी लोकप्रिय गाण्यांचे तुकडे जोडले, त्यानं नवं रचायचा हट्ट धरला. शोनबर्ग या संगीतकाराच्या बारा सुरांच्या पद्धतीचाही वापर त्यानं मांजर-उंदरांच्या पळापळीत केला. सात मिनिटांत शेकडो कोलांट्या घेणारं हे संगीत वाजवताना एमजीएमच्या कसलेल्या वादकांचीही परीक्षा व्हायची. एरवी चित्रं आधी, संगीत नंतर. पण जिथे पात्र स्वतः वाजवतंय तिथे क्रम उलटा. आधी पियानो ध्वनिमुद्रित करायचा, मग त्याचा स्वर न् स्वर चौकटींच्या हिशेबात मांडायचा आणि त्याबरहुकूम पंजे काढायचे. ‘कॅट कॉन्चेर्टो’त केनेथ म्यूज, एड बार्ज आणि अर्व्हन स्पेन्स यांनी टॉमच्या पंज्यांवर घेतलेली मेहनत नुसत्या डोळ्यांनी दिसते. सूर खर्जात गेला की पंजा डावीकडे आहे, तान वर चढली की बोटं उजवीकडे सरकतात, जोरकस स्वराला खांदा खाली येतो. मांजराच्या एका पंज्याला बोटं चार. त्या आठ बोटांत दहा बोटांची रचना बसवायची. आवाज बंद करून पाहिलं तरी लय कळते.

कामाचा पसारा किती? एका सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे सात मिनिटांना दहा हजारांवर. पेन्सिलीची चित्रं पारदर्शक पानांवर शाईनं गिरवायची, मागून रंग भरायचे. या खात्यात बहुतेक बायका असत, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं येत नसत. नंतर कॅमेरा. टेक्निकलरच्या कार्टून-कॅमेऱ्यात प्रत्येक चौकट तीनदा टिपली जाई, लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून, काळ्या-पांढऱ्या फितीवर. म्हणजे तीस हजारांवर छायाचित्रं. मग प्रयोगशाळेत तिन्ही रंग एकावर एक छापून फिल्मची प्रत तयार व्हायची. टॉमच्या कोटाचा तो गडद काळा आणि पियानोची चकाकी याच पद्धतीची देणगी.

आणि या सगळ्यात जेरी काय करतो ते पाहिलं, तर पटतं की या मंडळींनी पियानो खोलून नीट अभ्यासला होता. जेरी आत हातोड्यांवर झोपलाय. पहिले स्वर वाजतात तसा तो उधळला जातो. जागा होऊन तो पट्ट्या खालून वर ढकलतो. झाकण बोटांवर पाडतो. कात्री घेऊन बोटाची वाट पाहतो. पट्ट्यांच्या रांगेत उंदराचा सापळा मांडतो, आणि त्यात उंदराऐवजी मांजराचं बोट अडकतं. टॉम त्याला बाकात कोंबून बाकाची उंची बदलणारा दांडा फिरवतो, तर आत जेरी पिळून निघतो. यातली जवळजवळ प्रत्येक गंमत वाद्याच्या एखाद्या खऱ्या भागातून निघालीय. बाहेरून आणलेल्या वस्तू दोन-तीनच. आणि सगळा वेळ टॉम वाजवणं सोडत नाही. एक पंजा जेरीला मारतो, दुसरा तान पुरी करतो. अगदीच झालं तर पायांनी वाजवतो. मैफल थांबवायची नाही, हा त्याचा धर्म आहे. मला त्याच्याबद्दल वाटणारी माया इथे सुरू होते.

मग येतो तो प्रसंग. जेरी हातोड्यांवर नाचायला लागतो, आणि त्याच्या पावलांखालून लिस्ट नाहीसा होऊन वेगळंच गाणं निघतं. ‘ऑन द ॲचिसन, टोपिका अँड द सांता फे’, एमजीएमच्याच १९४६च्या ‘द हार्वे गर्ल्स’मधलं, जूडी गार्लंडनं घराघरांत पोचवलेलं रेल्वेगाडीचं गाणं. संगीत हॅरी वॉरेनचं, शब्द जॉनी मर्सरचे. टॉमही क्षणभर त्या झुलत्या लयीत ओढला जातो, मग भानावर येतो. लिस्टनं वादकाच्या उपजेसाठी जागा ठेवली होती. मला नेहमी वाटतं की इथे ती उपज उंदरानं घेतली. रचनेतली जागा नेमकी तीच नव्हे, पण हक्क तोच. आणि जे वाजलं तेही भरतीच्या फडात शोभलं असतं असं, पायांना उचलणारं.

आता वादाकडे. फ्रिझ फ्रेलेंगनं वॉर्नरमध्ये त्याच सुमाराला ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’ केलं. बग्ज बनी काळ्या कोटात, तीच दुसरी ऱ्हॅप्सडी, पियानोत उंदीर, आणि शेवटची बाजी उंदराची. वॉर्नरचं कार्टून नोव्हेंबर १९४६मध्ये थिएटरांत लागलं, एमजीएमचं एप्रिल १९४७मध्ये. ऑस्करसाठी दोन्ही पाहिली गेली तेव्हा दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. टेक्निकलरच्या प्रयोगशाळेतून एकाचं काम चुकून दुसऱ्याच्या हाती गेलं, ही कथा पुढे अनेक वर्षं सांगितली गेली. पुरावा कुणीच मांडला नाही. वंशावळ पाहिली की ही दोन भावंडं इतकी सारखी का, याचं निम्मं उत्तर मिळतं. फ्रेलेंगचं या रचनेवर आधीचं काम होतं, १९३७ ते १९३९ या काळात तो स्वतः एमजीएमच्या याच कार्टून विभागात होता, आणि पियानो, कोट, लिस्ट हा ऐवज सगळ्यांच्याच समोर पडलेला होता. त्या वर्षीच्या नामांकनांत वॉल्टर लँट्झचं ‘म्युझिकल मोमेंट्स फ्रॉम शोपॅं’ही होतं, त्यातही जनावरं पियानोवर. उरलेलं निम्मं, म्हणजे पियानोतल्या उंदराचं सारखेपण, माझ्या मनातून जात नाही. इतकं नेमकं जुळणं नुसत्या योगायोगानं होत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पण दोन्ही लागोपाठ पाहिली की फरक कळतो. बग्ज बोलतो, प्रेक्षकांशी लगट करतो, खोकणाऱ्याला गोळी घालतो. त्याला संगीतापेक्षा स्वतःत रस आहे. टॉमला ती रचना शेवटपर्यंत न्यायची आहे, बाकी काही नाही. म्हणून त्याचं हरणं आपल्याला लागतं.

१३ मार्च १९४७ रोजी लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये ‘कॅट कॉन्चेर्टो’ला ऑस्कर मिळालं, मालिकेचं लागोपाठ चौथं. ‘ॲचिसन, टोपिका’लाही त्याच रात्री सर्वोत्तम गीताचं ऑस्कर मिळालं. पुतळा निर्माता फ्रेड क्विम्बीच्या हाती गेला. नियमच तसा होता, पुरस्कार निर्मात्याचा. हॅना आणि बार्बेरा यांनी आखलेल्या, ब्रॅडलीनं स्वरांत बसवलेल्या, म्यूज-बार्ज-स्पेन्सनं बोट न् बोट काढलेल्या कामाचा मान चित्र न काढणाऱ्या माणसानं घेतला, हे मला आजही खुपतं. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २६ एप्रिलला, कार्टून सर्वत्र लागलं. लिस्टनं रचना केली त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं होत होती.

मुंबईत धोबीतलावचं मेट्रो थिएटर एमजीएमनंच १९३८मध्ये बांधलेलं. तिथे कंपनीची चित्रं लागत आणि मुख्य चित्रपटाआधी कार्टून. आमच्या पिढीला टॉम-जेरी टीव्हीवर भेटले. आधीच्या पिढीतल्या काहींनी त्यांना तिथे, थंडगार अंधारात, भिंतीएवढ्या मोठ्या आकारात पाहिलं. टॉमचा पंजा पट्टीवर पडतो ते त्या आकारात पाहणं काय असेल, याचा मला हेवा वाटतो.

पुढे ब्रॅडली, हॅना आणि बार्बेरा पियानोकडे परत आले. ‘योहान माउस’मध्ये टॉम व्हिएन्नात संगीतकार श्ट्राउसच्या घरी वॉल्ट्झ वाजवायला शिकतो. तिथला पियानो याकोब गिम्पेल या नामांकित वादकानं वाजवलाय आणि पडद्यावर त्याचं नावही आहे. त्या कार्टूनलाही ऑस्कर मिळालं. १९५७मध्ये एमजीएमनं विभाग बंद केला, ब्रॅडली निवृत्त झाला, हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले. दुसरी ऱ्हॅप्सडी मात्र कार्टूनातून गेली नाही. १९५४मध्ये वुडी वुडपेकर ‘कॉन्व्हिक्ट कॉन्चेर्टो’त पियानोचे सूर लावायला आला आणि त्यात अडकला. १९८८च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये डोनाल्ड आणि डॅफी ही दोन बदकं दोन पियानोंवर हीच रचना वाजवत एकमेकांच्या जिवावर उठली; एक डिस्नेचं, एक वॉर्नरचं, प्रथमच एका पडद्यावर. १९९४मध्ये ॲनिमेशनच्या धंद्यातल्या हजार जणांच्या कौलावरून पन्नास सर्वोत्तम कार्टूनांची यादी निघाली, तिच्यात ‘कॅट कॉन्चेर्टो’ बेचाळिसावं होतं. मी असतो तर आणखी बरंच वर ठेवलं असतं.

चीनमधल्या शेनयांग शहरात १९८२ साली जन्मलेल्या एका मुलानं दोन वर्षांचा असताना टीव्हीवर हे कार्टून पाहिलं. लिस्ट कोण, हंगेरी कुठे, रोमा वादक कोण, हे कळायचं ते वय नव्हतं. मांजर बसलंय, पंजे चाललेत, आतून काहीतरी भन्नाट आवाज येतोय, एवढं त्याला दिसत होतं. त्याला पियानोची ओढ तिथून लागली, असं त्यानं मोठेपणी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. तो मुलगा म्हणजे जगभरच्या मंचांवर काळ्या कोटात येऊन, झुकून, बाकावर बसणारा लांग लांग. दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी तोही वाजवतो.